कुंडीतला कोळसा

आमच्या आईने पहिलं ऑर्किड मारलं ते काळ्या मातीत घालून. यात तिचा काही दोष नव्हता. परभणीकडच्या माणसाला झाड म्हटलं की माती आणि माती म्हटली की काळी, एवढंच ठाऊक. बाबांना हिंजवडीच्या एका कंपनीच्या हिशेबखात्यात नोकरी लागली आणि आम्ही मुळशीतल्या रिह्याला राहायला आलो, तेव्हा टेम्पोत भांडी, गाद्या, येसर मसाल्याचा डबा आणि तुळशीसाठी म्हणून गावाकडच्या मातीचं एक पोतंही आलं होतं. बाबा वाटभर त्या पोत्यावरून आईची टिंगल करत होते. आई म्हणाली, "हसा. तिथली माती कशी निघंल काय सांगावं?" पुढे जे झालं ते बघता पोतं आणलं हे बरंच केलं म्हणायचं, निदान तुळस तरी जगली.

घर हौसाकाकींचं. खाली त्या आणि त्यांचे मालक, वर आम्ही. आमच्या दोन खोल्या आणि समोर मोठी गच्ची, तिच्या अर्ध्या भागावर पत्रा. परभणीत आम्ही पावसाची वाट बघायचो, इथे तो जायची वाट बघायला शिकलो. एकदा सुरू झाला की भिंती घाम सुटल्यागत ओल्या, चादरी दमट, वह्यांची पानं मऊ. सकाळी डोंगरावरून धुकं उतरायचं ते थेट गच्चीत येऊन बसायचं, आणि त्यात खालच्या गोठ्यातली म्हैस ओरडली तरी ती दूर कुठेतरी ओरडतेय असं वाटायचं. खालून काकींच्या इंद्रायणीच्या भाताचा वास यायचा. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. काकी ताट झाकून वर पाठवायच्या, कधी भात, कधी खेकड्याचं कालवण. आई माळकरी घरातली, ती ताटाला हातही लावायची नाही. मी आणि बाबा मात्र कवच फोडून बोटं चाटत बसायचो. काकींना हे कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "खा गं बाये. लई दिसानी या घरात कुनीतरी खेकडा चोखतंय."

लग्नाआधी आई परभणीला नर्स होती. इथे आल्यावर गावातल्या बायका बीपी बघायला यायला लागल्या आणि ती सगळ्यांची शिष्टरबाई झाली. स्वभाव कडक. भुताखेताचं कुणी बोललं की तिचं ठरलेलं वाक्य होतं, "मी मेलेली माणसं धुतलीत. एकबी उठून बसलं नाही." मी भित्री होते म्हणून हे मला मुद्दाम ऐकवलं जायचं.

ऑर्किडं आमची नव्हती. ती काकींच्या मनीषाची. मनीषा पलीकडच्या खोऱ्यातल्या एका पॉलिहाऊसमध्ये फुलांच्या कामाला जायची आणि तिथे मोडकी, रोगट म्हणून टाकलेली रोपं घरी घेऊन यायची. आम्ही यायच्या आधीच्या वर्षी ती काविळीने गेली. लग्न ठरायचं होतं. तिच्यामागे पत्र्याच्या वाशाला तारेने टांगलेल्या कुंड्या राहिल्या, आणि खोली दाखवताना काकी आईला म्हणाल्या, "ही बांडगुळं मनीची. तुमाला हाऊस आसंल तर बगा. मला जमत न्हाई." मग कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट केलं. "तेवडी सोडून. ती मी बगती."

आईला कुणी नुसतं 'हे रोगट आहे' म्हणायचा अवकाश, ती पदर खोचून उभी. काळ्या मातीत पहिलं गेलं, बुंधा हातात आला तेव्हा आतून पेजेसारखा झाला होता. मग कुणीतरी सांगितलं, याची मुळं हवेत वाढतात, माती नको. आईने देवाला फोडलेल्या नारळांच्या शेंड्या जमवल्या आणि त्यात दुसरं लावलं. रिह्याच्या पावसात त्या शेंड्या जून ते सप्टेंबर वाळल्याच नाहीत. वर पांढरी बुरशी, खाली गोगलगायी. मग विटांचे तुकडे झाले. बाबांना कोळसा आणायला सांगितलं तर ते गॅरेजजवळच्या भट्टीतून दगडी कोळसा घेऊन आले, आणि त्याच्या वासाने घर आठवडाभर आगगाडीसारखं झालं. आई म्हणाली, "तुमच्या कंपनीनं तुम्हाला हिशेबात ठेवलंय हे चांगलं केलंय." शेवटी लाकडी कोळसा, विटांचे खडे आणि वखारीतून आणलेल्या सालींचे तुकडे असं तिचं मिश्रण बसलं. सगळं धुवायचं, उन्हात वाळवायचं, मुठीत धरून नाकाशी नेऊन वास घ्यायचा. कुजका वास आला की बाद. आता माझी मुलगी फोनवर बोट ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सालींची पिशवी दारात येते. त्या पिशवीचाही मी आधी वास घेते. ती हसते. हसू दे.

कोपऱ्यातल्या कुंडीला कुणी हात लावत नव्हतं. रोज दुपारी जेवणं आटोपली की काकी तांब्या घेऊन जिना चढायच्या, पाणी घालायच्या आणि कुंडीशी बोलायच्या. बायका झाडांशी बोलतातच, त्यात काही विशेष नाही. पण काकी प्रश्न विचारून थांबायच्या. "जेवलीस का?" म्हणायच्या आणि थांबायच्या. माणूस उत्तर ऐकताना थांबतो तेवढं. मग "बरं" म्हणून पुढचं बोलायच्या. मी दाराआडून ऐकायची आणि प्रत्येक वेळी त्या थांबल्या की माझा श्वासही थांबायचा.

शाळेतून मी आईच्या आधी घरी यायची, कारण दुपारी ती लसीकरणाच्या मदतीला जायला लागली होती. एकटी असले की गच्चीत पावलं वाजायची. एक पाऊल नीट पडायचं आणि दुसरं फरशीवरून ओढत यायचं. पट... फर्रर्र. पट... फर्रर्र. पहिल्यांदा वाटलं काकीच आहेत, म्हणून मी "काकी" म्हणत बाहेर आले. धुकं पत्र्याखालपर्यंत आलं होतं, कुंड्या आपापल्या तारांवर गप्प लटकलेल्या, आणि खालून काकींचा मिक्सर चालू होता. मी आत आले आणि कडी लावून देवघरासमोर बसले, आई येईपर्यंत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पत्रा आहे. वाऱ्यानं हलतो." मी म्हटलं वारा नव्हता. "मग माकड असंल." माकड पाय ओढत चालत नाही, हे बोलायची माझी टाप नव्हती.

पाय ओढण्याचं कळलं ते काकींकडूनच. एकदा माझी वेणी घालता घालता त्या सहज म्हणाल्या, "मनी गाडीवरनं पडली हुती घोटवड्याच्या वळनावर. पायात पट्टी घातली डाक्टरनं, इस्क्रू मारून. मंग एक पाय वढीतच चालायची. मी म्हनायची, नीट उचल गं पाय, पावनं बगायला येत्याल." माझ्या मानेवर त्यांची बोटं गार होती.  

दुसऱ्या पावसाळ्यात ती कोपऱ्यातली कुंडी बिघडत चालली. एकेक पान पिवळं पडून गळलं, उरलेल्यांवर काळे डाग, कुंडीच्या काठावर मिठासारखी पांढरी पुटं. काकी पाणी वाढवत होत्या आणि झाड खंगत होतं. त्यांचंही तसंच. जेवण सुटलं, डोळे खोल गेले. मालकांशी भांडायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. आईला म्हणाल्या, "शिष्टरबाई, ती जायला लागली." झाड, असं त्या म्हणाल्याच नाहीत. आईने दोन-तीनदा विचारलं, "काकी, मी बदलून देऊ का आतलं? चांगली साल हाय माझ्याकडं." दर वेळी काकी दोन्ही हातांनी कुंडी धरून म्हणायच्या, "आतलं काडायचं न्हाई."

मग एक दिवस काकी मुठा गावात एका साखरपुड्याला गेल्या आणि आईने पदर खोचला. बाबा घरी होते, म्हणाले, "अगं, त्यांनी नको म्हटलंय." आई म्हणाली, "पेशंट मरायलाय आणि नातेवाईक नको म्हणायलेत. हे मी नवीन बघायलेय का?" तिने वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी तारेवरून उतरवली. ती नेहमीच्या कुंड्यांपेक्षा जड होती. उलटी करून ठोकली तेव्हा आतून सगळं एकदम, थापलेल्या गोवरीसारखं बाहेर आलं. कोळसाच होता. पण त्याच्या फटींत ओली राख गच्च बसली होती आणि थोडी तांबडी मातीही. मुळं बघवत नव्हती, नुसत्या पोकळ दोऱ्या. आई पुटपुटली, "राख घातलीय बाईनं. राखेनं मुळं जळतात. तरीच." ती फोडायला लागली आणि मी हाताने कोळसे बाजूला काढायला लागले. माझ्या बोटांना काहीतरी टोचलं. पुसून बघितलं तर आटे पाडलेला, करंगळीच्या दोन पेरांएवढा स्क्रू, काळवंडलेला, पण गंज अजिबात नव्हता. मी म्हटलं, "आई, हे पॉलिहाऊसचं काहीतरी." आईने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, अंगठ्याने त्याच्या डोक्यावरची खाच चाचपली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. माझ्या सबंध लहानपणात असा तो मी त्या एकाच वेळी गेलेला पाहिला. "हात धू," ती म्हणाली. "कामून?" "आधी हात धू म्हणते ना! हा हाडातला स्क्रू हाय."

आम्ही दोघी तशाच बसलो होतो. धुकं होतं, बारा वाजले असतील नसतील, आणि वर्तमानपत्रावर ती सगळी. जिन्यात चाहूल लागली आणि काकी वर आल्या. कुणाला तरी उलट्या झाल्या म्हणून गाडी लवकर परत निघाली होती. हिरवं इरकल, कपाळावर साखरपुड्याचं कुंकू. त्यांनी पाहिलं आणि त्या ओरडल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "समदी काडली का भाईर?"

मग त्यांनी सांगितलं. गावात ठरलं होतं की राख नदीत सोडायची नाही, आपल्या शेतात खड्डा करून त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. मनीषाची राख वरच्या अंगाच्या शेतात घालून वर आंबा लावला. वर्ष व्हायच्या आत मालकांनी ते शेत प्लॉटिंगवाल्याला दिलं. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी काकी एकट्या घमेलं घेऊन गेल्या, आंबा उपटला आणि हाताला लागेल तेवढी राख, कोळसे उकरून पदराखाली झाकून घरी आणले. "मनी म्हनायची, आई, ह्यांना माती नको, कोळसा घालावा. मंग मी म्हनलं, बरं झालं, हिच्याच झाडात हिला ठिवावी. कुनी इकनार न्हाई, कुनी खननार न्हाई."

आई नर्सच होती. तिने गोड बोलायचं सोडून खरं सांगितलं. "काकी, ह्या राखेनंच तिचं झाड मरायलंय. राख ठेवली तर झाड जाईल. झाड ठेवायचं असंल तर राख काढावी लागंल."

 काकींनी आईला विचारलं, "मंग तिला कुटं ठिवू?"

 आई बोलली ते झाडाबद्दलच. "कोळसा चालतो. कोळसा चांगलाच असतो. नुसती राख धुऊन टाकू. कोळसा तिचाच राहील, त्यातच लावू." काकींनी मान हलवली. आई नळाखाली घमेलं ठेवायला गेली तर काकी झटकन उठल्या. "गार नगं! गार पान्याला ती लई कुरकुरायची." मग आईने गॅसवर पातेलं चढवलं, एक, मग दुसरं. काकींनी नऊवारीचा काष्टा वर घेतला, दोन्ही पाय लांब करून बसल्या आणि घमेलं पायांमध्ये घेतलं. कोपराने पाणी बघितलं. बाळंतिणीच्या घरी तान्ह्या पोराला न्हाऊ घालणारी बाई बसते, तशाच त्या बसल्या होत्या. एकेक कोळसा हातात घेऊन अंगठ्याने चोळून, फटींतून राख काढून धुतला. तोंडाने हुंकारासारखं काहीतरी चालू होतं, "झालं हं, झालं, एवडंच." राखाडी पाणी गच्चीच्या पायपातून घळघळ खाली जात होतं. मी पातेली उचलून देत होते. मला भीती वाटत होती आणि तिथून हलावंसंही वाटत नव्हतं. स्क्रू त्यांनी आईच्या हातातून घेतला, म्हणाल्या, "वरसानं काडू म्हनला हुता डाक्टर," आणि पदराच्या टोकाला गाठीत बांधला.

धुतलेला कोळसा आईने विटांच्या खड्यांत मिसळला, जळकी मुळं कापली, उरलेल्या दोन हिरव्या मुळांवर झाड कसंबसं उभं केलं. वाटत नव्हतं जगेल. पण दिवाळीच्या आसपास बुंध्याशी एक हिरवं टोक दिसलं, मुळाचं, आणि ते कोळशाला जाऊन चिकटलं. काकी दिवसभर वरखाली करत राहिल्या. त्यांचं जेवण सुरू झालं. गच्चीतली पावलं मात्र त्या धुण्यानंतर वाजलीच नाहीत. मला सुटल्यासारखं झालं.

काकींचा माझ्यावरचा जीव मात्र वाढत गेला. कुंडीशी बोलणं थांबलं. ते सगळं बोलणं आता माझ्याशी व्हायला लागलं. "जेवलीस का?" विचारून त्या तशाच थांबायच्या, आणि मी उत्तर द्यायची. मागच्या बाजूला, जिथे गच्चीचा पायप खाली उतरायचा, तिथलं अळू त्या वर्षी माझ्या कमरेएवढं झालं. काकींनी त्याची पातळ भाजी करून वाडगा वर पाठवला. मी खाल्ली. चांगली झाली होती. आई घरी आली, रिकामा वाडगा पाहिला, "कुठलं अळू?" विचारलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला मनीषाची ओढणी मिळाली, मग तिचा चाफेकळी रंगाचा ड्रेस, मग तिच्या चपला. चपला मला अगदी बरोबर झाल्या. एक तळवा एका बाजूने झिजलेला होता, एवढंच.

फूल उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. पांढरं, आत जांभळी रेघ. काकींनी मला हाक मारून गच्चीत बोलावलं, की मीच आधी तिथे होते, हे आता नीट आठवत नाही. त्यांनी फूल देठासकट खुडलं. मी "अहो काकी!" म्हणेपर्यंत ते माझ्या वेणीत खोचलंही होतं. मग मला दोन्ही खांद्यांना धरून पाठमोरी केलं आणि म्हणाल्या, "चाल बगू." मी चालले. टोकापर्यंत जाऊन वळले. त्यांनी हाक मारली, "मनेऽ." आणि मी म्हटलं, "ओ."

कुणी मला असं करायला सांगितलं नव्हतं. ते आतून आलं, स्वतःच्या नावाला येतं तसं. त्याच वेळी खोलीचं दार धाडकन उघडलं आणि आई बाहेर आली, हातात पीठ. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. "पुन्हा चाल," ती म्हणाली. मी चालले. पट... फर्रर्र. त्या झिजक्या चपलेमुळे. नक्की त्यामुळेच. पण आतून आईने तो आवाज ऐकला तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. तिने खाली वाकून माझ्या पायातल्या चपला काढल्या, वेणीतलं फूल काढलं आणि सगळं काकींच्या हातात दिलं. "काकी, ही माझी हाय," ती म्हणाली.  काकी हसल्या, अगदी मायेने. "व्हय की. तुमचीच हाय. तोंडात बसलंय ते नाव, दुसरं काय."

त्या रात्री आईने बाबांना दुसरी जागा बघायला सांगितलं. बाबांनी कारण विचारलं तर म्हणाली, "पोरीला दमट हवा मानवत नाही." परीक्षा संपल्या आणि हिंजवडीजवळच्या चांदे गावात एका बिल्डिंगमध्ये जागा मिळाली. काकींनी निरोपाला नारळ दिला, आईची ओटी भरली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. कुंडी मात्र आईने मागितली नाही आणि काकींनी दिली नाही. टेम्पोत पुढे ड्रायव्हर आणि बाबा, मागे सामानात आई आणि मी. गाडी सुरू झाली, अंगणाबाहेर वळली, आणि मागून हाक आली, लांब, गोड, संध्याकाळी पोरींना घरात बोलावतात तशी. "मनेऽ... ए मनेऽ..."

माझं तोंड उघडलं. आणि मेलेली माणसं धुतलेल्या माझ्या आईने, जिने आयुष्यात कधी कुणाची दृष्टही काढली नाही, तिने तळहात माझ्या तोंडावर दाबून धरला. ओढ्यावरचा पूल ओलांडेपर्यंत तिने तो काढला नाही.